वयोमानानुसार

आत्याने मला आईच्या नावाने हाक मारली, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या घरात हाका मारताना नावांची अदलाबदल नेहमीचीच. दोन दिवसांनी ती टीव्हीचा रिमोट कानाला लावून कुणाशी तरी बोलत होती. तो मी हळूच काढून घेतला आणि हातात फोन दिला, एवढंच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वयोमानानुसार होतं गं." मलाही ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. एकाहत्तर वर्षांची बाई, सहा महिन्यांपूर्वी नवरा गेलेला, रात्ररात्र झोप नाही. विसरायला लागली तर नवल ते काय?

मग एका पहाटे ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. उचलायला गेले तर म्हणाली, "पाणी फार चढलंय, वर ये." घर कोरडं होतं.

रुग्णालयात हाड मोडलेलं नाही म्हणाले, मेंदूचं स्कॅनही ठीक आलं. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला आणि रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. सोडियम ११७. असायला हवं १३५ ते १४५. "कुठकुठल्या गोळ्या घेतात?" त्यांनी विचारलं. मी पर्समधला प्लास्टिकचा डबा पलंगावरच उपडा केला. त्यांनी दोन गोळ्या बोटाने बाजूला सारल्या. एक रक्तदाबाची, हायड्रोक्लोरोथायझाइड, दीड वर्षापासून चालू. दुसरी एस्सिटॅलोप्राम, नैराश्य आणि झोपेसाठी नुकतीच सुरू केलेली. पहिली गोळी लघवीवाटे मीठ बाहेर घालवते, दुसरी कधीकधी शरीरात पाणी अडवून धरते. दोन्हींचा रोख एकाच दिशेला. त्यातून रुग्ण वयस्कर आणि बाई असेल तर धोका आणखी वाढतो.

दोन्ही गोळ्या बंद झाल्या. सोडियम चढवायचं तेही जपून, कारण चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढलं तर मेंदूलाच इजा होऊ शकते. म्हणून दर काही तासांनी रक्त काढायचे. चौथ्या दिवशी सकाळी आत्याने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्याच नावाने हाक मारली आणि विचारलं, "तू इथे काय करतेयस? आज ऑफिस नाही का?"

मी तशी रडणारी बाई नाही, पण तेव्हा रडले.

डिस्चार्जच्या कागदांसाठी ताटकळताना समोरच्या भिंतीवर एक पिवळट पडलेला कागद दिसला. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास कळवा, डॉक्टरही कळवू शकतात, रुग्णही. खाली फॉर्म कुठे मिळेल ते होतं. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, तर ते थकल्या आवाजात म्हणाले, "हा परिणाम पुस्तकात आहेच. यात नवीन काही नाही. कळवून काय होणार?"

मी हिशेब तपासण्याचं काम करते. माहीत असलेली चूक परत झाली म्हणून ती टिपून ठेवायची नाही, हे माझ्या धंद्यात बसत नाही. उलट तीच चूक कितव्यांदा झाली, कुठल्या विभागात झाली, हेच आम्ही आधी बघतो. डॉक्टरांशी वाद घातला नाही. फॉर्म मात्र घेतला.

फॉर्म वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला आणि वाटला होता त्यापेक्षा अवघड. किमान चार गोष्टी हव्यात: ओळख पटेल असा रुग्ण (पूर्ण नाव नको, आद्याक्षरं आणि वय पुरे), कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला त्रास. या चारांपैकी एक जरी नसली तरी नोंद ग्राह्य धरत नाहीत. मला हे फार आवडलं. व्हाउचरवर रक्कम, तारीख, सही आणि कारण लागतं, तसंच हे.

पहिली अडचण तारखेची. नवी गोळी नेमकी कधी सुरू झाली? आत्या म्हणाली, "झाले की महिनाभर." मला वाटत होतं आठवडा. दोघींच्या आठवणीवर भरवसा नव्हता, म्हणून गोळ्याच मोजल्या. चिठ्ठीवर पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या. दहाची एक अख्खी पट्टी आणि वर पाच कापून दिलेल्या. डब्यात उरल्या होत्या त्या कापलेल्या पाचच. म्हणजे दहा घेतल्या. त्यात एके रात्री ती बहिणीकडे राहिली होती आणि डबा घरीच राहिला होता. म्हणजे अकरा रात्री. अकराव्या रात्रीनंतरच्या पहाटे ती पडली, आणि आईच्या नावाने हाक मारली ती बहुतेक सहाव्या-सातव्या दिवशी. हे कागदावर आडव्या ओळीत मांडलं तेव्हा मी जरा वेळ पेन खाली ठेवलं. अकरा दिवस डोळ्यांसमोर घडत असलेली गोष्ट मला एका रकान्यामुळे पहिल्यांदा दिसली.

दुसरी अडचण बॅच नंबरची. तो रकाना मी सहज भरणार होते. पण उरलेल्या तुकड्यावर औषधाचं अर्धं नाव होतं, पाच फुगीर कप्पे होते आणि कात्रीची वेडीवाकडी कड. नंबर आणि मुदतीची तारीख पट्टीच्या दुसऱ्या टोकाला छापलेली. ते टोक दुकानदाराकडे राहिलेलं. अख्खी पट्टी संपली तशी कचऱ्यात गेलेली. औषधाच्या दुकानात जाऊन बिलाची नक्कल काढून घेतली, तिच्यावर नंबर सापडला. दुकानातला मुलगा विचारत होता, "गोळी खराब निघाली का?" मी म्हटलं, "माहीत नाही, म्हणूनच नंबर हवाय." त्रास औषधाच्या गुणधर्मामुळे झाला की त्या एका घाण्यात काही भेसळ-बिघाड होता, हे वेगळं करायचं तर त्या नंबरावाचून मार्ग नाही. २०२२ मध्ये गांबियात खोकल्याच्या सिरपमुळे मुलं दगावली. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल आणि एथिलिन ग्लायकॉल सापडलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबरमध्ये इशारा दिला. तिथे प्रश्न औषधाच्या नावाचा नव्हता, कुठल्या बाटल्यांचा, हा होता. आता मी दुकानात सांगते, कापायचीच असेल तर नंबराचं टोक मला द्या.

तिसरी अडचण माणसाची होती. रक्तदाबाची गोळी कधी सुरू झाली आणि नव्या गोळीआधी सोडियम किती होतं, हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या वहीत. वीस वर्षांची ओळख. मी फॉर्म समोर ठेवला तसा त्यांचा हात थांबला. "म्हणजे तुम्ही माझी तक्रार करताय?"

मी नाही म्हटलं, पण ते नुसतं म्हणून भागण्यासारखं नव्हतं. गोळी त्यांनीच लिहिली होती. आत्या झोपत नाही, खिडकीशी बसून राहते, हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी जे दिलं ते कुठल्याही डॉक्टरांनी दिलं असतं. फक्त दहा दिवसांनी रक्त तपासून घ्या, हे एक वाक्य राहून गेलं. मी त्यांना फॉर्मच्या तळाची बारीक ओळ दाखवली: ही माहिती दिली म्हणजे कुणाची चूक मान्य केली असा अर्थ होत नाही, नाव गुप्त राहील. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग उठून कपाटातून जुनी फाईल काढली. वर्षापूर्वीचं सोडियम १३८. "हे लिहा," म्हणाले, "याच्याशिवाय तुमच्या ११७ ला अर्थ नाही." दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "असे दोन-तीन मी पाहिलेत. कळवलं कधीच नाही. वेळ कुणाला असतो?"

यावर मी पुढे थोडं वाचलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर प्रत्यक्ष झालेल्या दुष्परिणामांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कुठेच कळवले जात नसल्याचं दिसलं. माझ्या कामात एखाद्या कंपनीने शंभरातल्या दहापेक्षा कमी पावत्या दाखवल्या असत्या, तर मी ताळेबंदावर सही केली नसती. औषध नियामक मात्र याच दहांवर काम चालवतात. त्यांना दुसरा इलाजही नाही. औषध कंपनीला आपल्याकडे आलेली नोंद कायद्याने कळवावीच लागते, पण अनेक देशांत डॉक्टर आणि रुग्ण यांच्यावर तशी सक्ती नाही.

फॉर्म धाडल्यावर नवव्या दिवशी फोन आला. नोंदी तपासणाऱ्या केंद्रातून एक बाई बोलत होत्या. आवाज कोरडा, प्रश्न त्याहून कोरडे. इतर कुठली औषधं? वेदनाशामक? वनस्पतींचा काढा, चूर्ण? उलट्या-जुलाब झाले होते का? पाणी जास्त पीत होत्या का? थायरॉइड तपासलं? मला सुरुवातीला उलटतपासणी वाटली. नंतर लक्षात आलं, त्या आत्याच्या सोडियमला दुसरं कुठलं निमित्त मिळतंय का ते शोधत होत्या. आरोप सिद्ध करण्याऐवजी तो मोडून बघत होत्या. माणूस तयारीचा होता.

शेवटी मी विचारलं, "मग निष्कर्ष काय?"

"शक्य."

"म्हणजे?"

त्यांनी पायऱ्या सांगितल्या. निश्चित, संभाव्य, शक्य, असंभव. आणि माहिती अपुरी असेल तर वेगळे दोन कप्पे. मला राग आला. आमची बाई उंबऱ्यात पडली, सोडियम ११७, गोळ्या थांबवल्यावर सुधारली, आणि हे नुसतं 'शक्य'? त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन्ही गोळ्या एकाच दिवशी थांबवल्यात. शिवाय सलाईन दिलं. मग सुधारणा कशामुळे झाली? दोनपैकी एकेका औषधाकडे बोट दाखवायचं तर मला दुसरं आड येतं." पुन्हा तीच गोळी देऊन पाहिलं असतं आणि परत तसंच झालं असतं तर 'निश्चित' म्हणता आलं असतं. तसं कुणी करणार नाही, करूही नये. म्हणजे आत्याचा जीव वाचला तो ज्या निर्णयामुळे, त्याच निर्णयाने पुरावा कमकुवत झाला. मला हे मान्य करायला दोन दिवस लागले. पण हिशेब बरोबर होता.

मग मी तो प्रश्न विचारला जो मोठ्या डॉक्टरांनी मला विचारला होता: पुस्तकात आहे ते परत कशाला? बाई पहिल्यांदाच जरा मोकळ्या बोलल्या. औषध बाजारात येण्याआधी ते काही हजार लोकांवर तपासतात. तीन हजार जणांना दिलं आणि एकालाही अमुक त्रास झाला नाही, तरी छातीठोकपणे एवढंच म्हणता येतं की तो त्रास हजारात एकापेक्षा जास्त नसावा. पुढे लाखो लोक ते घेतात. शिवाय चाचण्यांत सत्तरी ओलांडलेली, चार-पाच गोळ्या एकदम घेणारी माणसं कमीच असतात. "पुस्तकात हा परिणाम आहे," त्या म्हणाल्या, "पण कुणाला, कितव्या दिवशी, कशासोबत, हे पुस्तकाला तुमच्यासारख्यांकडूनच कळतं." आमचा कागद नाव काढून स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्राच्या संग्रहात जाणार होता. जागतिक आरोग्य संघटनेचं हे काम १९६८ मध्ये दहा देशांनी सुरू केलं आणि १९७८ पासून ते उप्सालातून चालतं. तिथल्या नोंदी आता तीन कोटींच्या पुढे आहेत.

माझी आधीची समजूत अशी, की सरकारने औषधाला मंजुरी दिली म्हणजे काम झालं. आता मंजुरी मला आरंभीच्या शिलकेसारखी वाटते. खरी खतावणी त्यानंतर चालू होते.

थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीची गोष्ट ऐकलेली असते सगळ्यांनी. ते १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, गरोदर बायकांनी घेतलं, आणि दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांतल्या व्यंगांसह किंवा इतर दोषांसह जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारीबाईंनी ते अडवून धरलं, हेही माहीत असतं. मला नवीन कळलं ते वेगळंच. केल्सींनी ते गर्भाच्या भीतीने अडवलं नव्हतं. निदान सुरुवातीला नाही. एका ब्रिटिश डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला साधं पत्र लिहिलं होतं, की ही गोळी बरेच दिवस घेणाऱ्या माझ्या काही रुग्णांचे हातपाय बधिर होतायत, कुणी आणखी पाहिलंय का? १९६१ च्या फेब्रुवारीत ते पत्र केल्सींच्या वाचनात आलं आणि त्यांनी कंपनीकडे मज्जातंतूंबद्दल माहिती मागितली. कंपनी टाळत राहिली, त्या मागत राहिल्या. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीतून व्यंगांची बातमी फुटली आणि तिकडे औषध मागे घेतलं गेलं. त्या डॉक्टरला "हातपाय बधिर? वय झालं असेल" असं वाटलं असतं तर? आमच्या डॉक्टरांसारखा त्यालाही वेळ नसता तर?

पण पत्रं लिहून सगळंच कळतं असंही नाही. हातपाय नसलेलं मूल जन्मलं की ते कुणाच्याही डोळ्यांत भरतं. रोफेकॉक्सिब या सांधेदुखीच्या गोळीचं उदाहरण उलटं आहे. १९९९ मध्ये मंजुरी, २००४ मध्ये माघार. तिने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढत होता, पण सांधेदुखीच्या वयात झटके येतातच. त्या गर्दीत हे जास्तीचे झटके वेगळे कसे दिसायचे? ते उघड झालं मोठ्या चाचणीत, दोन गट शेजारी ठेवून मोजल्यावर. म्हणून नियामकांना दोन्ही लागतं, सुटी पत्रंही आणि मोजलेले गटही. आणि आत्याचा गोंधळ हा दुसऱ्या जातीचा. म्हातारपणासारखा दिसणारा त्रास म्हातारपणाच्या खात्यावर चढतो आणि ते खातं कुणी तपासत नाही.

त्या आठवड्यात मी नव्या गोळीच्या खोक्यातला माहितीचा कागद उलगडला. एवढी मोठी घडी, आणि अक्षर असं की भिंग लागावं. वरून मोजत गेले. बऱ्याच खाली एक ओळ सापडली: रक्तातील सोडियम कमी होऊ शकते, विशेषतः वृद्धांत आणि मूत्रल औषधे घेणाऱ्यांत. मूत्रल म्हणजे लघवी वाढवणारी, आत्याच्या रक्तदाबाच्या गोळीसारखी. सगळं लिहिलेलं होतं. नियमाप्रमाणे छापलेलं होतं. कायद्याने कंपनीचं काम पुरं झालं होतं. आत्याचं नाव तेवढं त्या ओळीत नव्हतं. यात नियमन फसलं असं मी म्हणणार नाही. ती ओळ तिथे आहे ती आधी कुणीतरी फॉर्म भरला म्हणून. पण ती कपाटातल्या खोक्यात पोचली आणि दहाव्या दिवसाच्या रक्ततपासणीत नाही, हे मला अजूनही खटकतं. ओळ कुठे छापायची हे नियम सांगतो; ती वाचून पुढे काय करायचं हे मोकळं सोडतो. मी केंद्रातल्या बाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "सूचना म्हणून लिहून पाठवा." पाठवली. पोचही मिळाली, उत्तर अजून नाही.

दोन महिन्यांनी टपालाने पाठपुराव्याचा कागद आला. वर आमचा नोंद क्रमांक, खाली एकच प्रश्न: रुग्णाची सध्याची स्थिती? पर्याय छापलेले. पूर्ण बरे. बरे होत आहेत. परिणाम शिल्लक. मृत्यू. माहीत नाही.

आत्या खिडकीशी बसली होती. सोडियम १३६ झालेलं, रक्तदाबाला दुसरी गोळी, झोपेला गोळीच नाही. मी पेन टेकवून 'पूर्ण बरे'वर खूण करणार तेवढ्यात तिने कागद ओढून घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून सगळे पर्याय वाचले. मृत्यूपाशी जरा थांबली.

"बरी होतेय, यावर कर," ती म्हणाली. "पूर्ण बरी कुठे? परवा दुधाचं पातेलं गॅसवर विसरले."

"आत्या, ते मी विसरले होते."

तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मग तुझाही एक फॉर्म भर," म्हणाली, आणि दुसऱ्या पर्यायावर स्वतःच्या हाताने, जरा वाकडीच, खूण केली.